बायकोची चांदमारी, मी फाटकाबाहेर

आमच्या खामगावच्या रायफल क्लबाने मला दोनदा नाकारलं, आणि दोन्ही वेळा इतक्या सभ्य भाषेत की नकार मिळालाय हे घरी येऊन कागद पुन्हा वाचल्यावर कळलं. पहिल्या कागदात जागा शिल्लक नव्हती. तीन महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या कागदात अर्जाचा योग्य वेळी विचार होणार होता. मधल्या तीन महिन्यांत दोन वकील, एक दातांचे डॉक्टर आणि एका जिनिंगवाल्याचा जावई आत गेले. जावयाला उजव्या डोळ्याने नीट दिसत नसे. पण तो जावई होता.

मी बैलांचा दलाल. आमच्याकडे त्याला हेड्या म्हणतात, आणि म्हणताना नाक जरा वर करतात. साखरखेर्ड्याकडून दुसऱ्याची गुरं हाकत मी अनवाणी खामगावला आलो, बाजारात शेण उचललं, बैलाचे दात पाहायला शिकलो, आणि पस्तिशीच्या आत अशी वेळ आणली की तालुक्यात कोणाला जोडी घ्यायची तर माझ्याकडे आल्याशिवाय पुढे जाता येत नसे. वकील यायचे, डॉक्टर यायचे, त्यांची शेतं होती आणि शेतांना बैल लागत. बैल घेताना मी त्यांना ‘दादा’ असायचो. क्लबाच्या कागदावर मी ‘अर्जदार’ झालो.

चीनशी लढाई होऊन वर्ष झालं होतं. महाराष्ट्र नवा होता, उत्साह नवा होता, आणि प्रत्येक नागरिकाने बंदूक धरायला शिकलं पाहिजे असं वरून कळवण्यात आलं होतं. माझ्यापुरतं नागरिक या शब्दाला काही अटी होत्या एवढंच. खरं सांगायचं तर मला नेमबाजीची हौस नव्हती. गावाबाहेरच्या जुन्या खदानीत त्यांनी कनात लावली होती, कनातीखाली वेताच्या खुर्च्या होत्या, त्यातली एक मला हवी होती.

क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे एक वकीलसाहेब. ते माझ्याकडे जोडी बघायला आले. बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत सहज बोलून गेले, की क्लबाचं सगळं छान आहे, फक्त जिल्ह्याला जो अहवाल जातो त्यात ‘महिला सभासद’ या रकान्यापुढे शून्य आहे. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका तयार झाल्या आहेत, डॉक्टरांची बायको होईल, पण किमान तीन तरी पाहिजेत.

गरज उघडी करून दाखवणारा माणूस समोर असला की मला आपोआप शांत वाटतं. मी बैलाला चारा टाकला. म्हटलं, “तिसरी मी देतो.”

“कोण?”

“आमच्या घरची. पन बाईमानूस खदानीत एकटी कशी येनार, साहेब? संगं मी राहीन.”

वकीलसाहेबांनी दूर बघितलं, मग बैलाकडे बघितलं. त्यांना समजलं होतं. सभासद ती, सोबत म्हणून मी. खुर्ची एक. सौदा झाला.

घरी जाऊन बायकोला पटवायचं काम उरलं होतं. त्यासाठी मी वाटेत चार मुद्दे तयार केले होते: देश, नव्या काळातली बाई, डॉक्टरांची बायकोसुद्धा, आणि शेवटी एक लुगडं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मी देशापासून सुरुवात केली.

“गोया खऱ्या असतात काय?” तिने मधेच विचारलं.

“खऱ्या.”

“मंग येईन.”

उरलेले तीन मुद्दे माझ्याकडे तसेच पडून राहिले. लहानपणी ही बापाच्या ज्वारीत माळ्यावर बसून गोफण फिरवायची आणि पाखरांना नव्हे, पाखरू बसलेल्या कणसाच्या शेजारच्या कणसाला मारायची, हे मला तिच्या भावाने लग्नात सांगितलं होतं. मी ते सासरच्या बढाईत धरलं होतं.

पहिल्या रविवारी आम्ही दमणी जुंपून खदानीवर गेलो. फाटकावर लाल झेंडी, आत कनात, कनातीत मी, डॉक्टरांच्या शेजारी, पाय पसरून. शिकवायला एक निवृत्त सुभेदार होते, साताऱ्याकडचे, अंगात हाडं आणि मिशा एवढंच. बायकांना रायफल जड म्हणून त्यांना पिस्तूल द्यायचं ठरलं होतं. क्लबाकडे ते एकच होतं, बारीक गोळीचं, लांब नळीचं. त्या काळी पिस्तूल एका हाताने धरायची रीत होती. आडवं उभं राहायचं, उजवा हात सरळ पुढे, डावा कमरेला. नऊवारीत आणि पदर खोचून माझी बायको जशी उभी राहिली तशा त्या पाचवारीतल्या दोघी उभ्या राहू शकल्या नाहीत, हे मी डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते चहा प्यायले.

सुभेदार तिच्याजवळ गेले. “बाई, उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवा. वाजतात, मनगट हलतं.”

मी खुर्चीतून उठलो. “सुभेदारसाहेब, नवरा जिता हाये अजून!”

“असू द्या की. मी कुठं नाही म्हणतोय?”

“सहातल्या तीन काढल्या तर?”

“काय?”

“बरं, चार काढंन ती. दोन राहू द्या,” मी म्हटलं.

आम्ही दोनवर आलो होतो आणि सुभेदार एकवर अडले होते, तोवर बायकोने सगळ्या बांगड्या कोपराकडे वर सरकवल्या, कमरेचा रुमाल काढला आणि दातांत धरून वरून घट्ट बांधला. हात हलवून दाखवला. आवाज नाही. सुभेदार “शाब्बास” म्हणाले. माझा मिळत आलेला सौदा असा हातचा गेला.

नव्या माणसाला एका रविवारी पाच गोळ्या. तिच्या पाचातल्या दोन कागदाला लागल्या आणि तीन खदानीच्या कड्याला. ती परत आली तेव्हा तिचं तोंड मी पाहिलं. तसं तोंड मी आमच्या लग्नात पाहिलं नव्हतं, आणि पोराच्या बारशालाही नाही.

“पुढच्या आयतवारी किती देतात?” तिने विचारलं.

“पाचच.”

“कमी हायेत.”

मला आनंद झाला. ही माझी भाषा होती. मी ठरवलं की हिला मीच तयार करणार. सुभेदार आठवड्यातून पाच गोळ्यांपुरते. मी रोज घरी. शिवाय बोटाच्या कामात मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आमच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे समोरासमोर बसतात, मधे रुमाल टाकतात, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कुठवर धरली, यावर आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असतात आणि कोणाला काही कळत नाही, कारण तोंडावर काही दिसू द्यायचं नसतं. आणि शेवटचा भाव ठरला की बोट असं झटकन, जोरात दाबायचं की समोरच्याला शंका राहू नये. दाबलं म्हणजे झालं. हळूहळू दाबणारा माणूस कच्चा, त्याला अजून चार पावलं मागे नेता येतं.

तर रोज जेवणं झाली की दुपारी मी माजघरात पाट घेऊन बसे, मधे पंचा टाके, आणि पंचाखाली माझा अंगठा तिच्या बोटाखाली देई. “हा अंगठा म्हंजे पिस्तुलाचा चाप. मी ‘हां’ म्हटलं का दाबायचं. तोंड हलवायचं नाही.”

ती दाबे.

“असं नाही. असं तर कोनी वासरूही देनार नाही तुले. झटकन!”

“अंगठा तुटंन ना तुमचा.”

“तुटू दे.”

पंधरा दिवसांत माझा अंगठा निळा झाला आणि तिचं बोट माझ्या पसंतीला उतरलं. सासूबाई आल्या होत्या, त्या दारातून आम्हाला भर दुपारी पंचाखाली हात घालून बसलेलं पाहून आल्या पावली परत फिरल्या आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यातही मला फायदाच दिसला.

खदानीवर मात्र गोळ्या खाली जाऊ लागल्या. खाली आणि डावीकडे. दर रविवारी पाचही, अगदी नेमाने, काळ्या गोलाच्या खाली डाव्या बाजूला, जणू तिथे कोणी दुसरा गोल काढून ठेवलाय. बायको हिरमुसली. मी विचार केला. हा प्रश्न अवघड नव्हता. समोरचा माणूस दर वेळी दोन आकडे खाली येतो हे माहीत असलं की आपण दोन आकडे वरून सुरुवात करतो. मी तिला सांगितलं, “नेम गोलावर धरू नोको. वर धर, उजवीकळे. गोई आपसूक खाली येते.”

आणि आली. पुढच्या रविवारी पाचातल्या तीन काळ्यात. डॉक्टरांनी मला स्वतःहून चहा दिला. वकीलसाहेब म्हणाले, नागपूरला विभागाच्या स्पर्धा आहेत, जिल्ह्यातून पिस्तुलाला एक बाई पाठवायची आहे, महिन्याने निवड, तुमच्या मंडळींचं नाव घेतलंय. मी खुर्चीत आणखी थोडा पसरलो. घरी जाताना बायको म्हणाली, “नागपूर.” शेगावच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. नंतर नुसतं म्हणाली, “मले जायचं हाये.”

तिने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मागायची वेळ येऊ नये म्हणून मी आधीच आणून टाकत असे, आणि ते फार मोठं काम समजत असे.

पुढल्या रविवारी सुभेदार नेहमीसारखे मागे न राहता तिच्या बाजूला जाऊन उभे राहिले. नळीच्या टोकाला एक बारीक उंचवटा असतो, त्याला ते माशी म्हणत. त्यांनी वाकून माशी पाहिली, मग गोल पाहिला, मग परत माशी.

“बाई, तुम्ही कुठं नेम धरलाय?”

“वर. उजवीकळे.”

“वर तर बाभळ आहे.”

“हाव. तिच्या खालच्या फांदीवर.”

सुभेदारांनी पिस्तूल काढून घेतलं, रिकामं केलं, परत तिच्या हातात दिलं. “आता गोलावर धरा आणि चाप ओढा.” तिने झटकन ओढला. पिस्तुलाचं तोंड खाली डावीकडे गेलं. गोळी नसल्यामुळे ते सगळ्या कनातीला दिसलं, जिनिंगवाल्याच्या जावयालासुद्धा.

“हे कोणी शिकवलं?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि कनातीतल्या सगळ्या माना तिच्या नजरेमागे वळल्या.

“चांगला हात होता,” सुभेदार म्हणाले, अगदी हळू. “कोणीतरी नासवला.”

यापुढचं मी आठवून लिहितो आहे; त्या वेळी मी आठवणीत ठेवण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मी म्हणालो की पिस्तुलाची नळी वाकडी आहे. मग म्हणालो की गोळ्या जुन्या आहेत. मग म्हणालो की महिनाभर सुभेदार काय मिशा विंचरत होते? एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बाजारात अंगवळणी पडलेलं बोलणं तोंडात आलं, आणि मी म्हणालो की दात पडलेल्या बैलाला कोणी औताला जुंपत नाही, त्याला क्लबात आणून बांधतात.

सुभेदारांनी लाल झेंडीकडे बोट केलं. “बाहेर.” वकीलसाहेबांना म्हणाले, “हे आत असतील तर मी नसेन. आणि हे गेले म्हणजे बाईंना सोबत नाही. नाव काढा.”

वकीलसाहेबांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर तिच्या नावावर रेघ मारली. दोन अर्जांना उत्तर द्यायला त्यांना महिने लागले होते. रेघेला वेळ लागला नाही.

घरी येताना दमणीत ती बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पंचा घडी करून ट्रंकेत गेला. चौथ्या दिवशी तिने माझ्यासमोर ताट ठेवलं आणि पाण्याचा तांब्या हातातच धरून उभी राहिली.

“माहं नाव तुमी कापलं.”

“वकिलानं कापलं. त्याचं पेन होतं.”

“तुमी कापलं. आता तुमीच जोळून आना. दोन आयतवार झाले का निवळ हाये.”

“आन् मी जे केलं तुह्यासाठी? क्लबात घुसवलं कोनी?”

“तुमी मले घुसवलं, का माह्या पाठीमागून तुमी घुसले?” तांब्या तिने ताटाशेजारी ठेवला. पाणी जरा सांडलं. “मले सगळं मालूम हाये. खुर्चीचं पन.”

मी जेवलो. काय जेवलो ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी आम्ही दोघं वकीलसाहेबांच्या ओसरीवर गेलो. तिने यायलाच पाहिजे असं नव्हतं, पण ती चप्पल घालून दारात उभी होती. सुभेदार तिथे आधीच बसले होते. मी समोर बसलो आणि सवयीने खांद्यावरचा रुमाल काढून मधे टाकला. सुभेदारांनी त्या रुमालाकडे असं पाहिलं जसं कोणी त्यांच्यापुढे नाक शिंकरलं.

“बोला,” ते म्हणाले.

तोंडाने सौदा करायची मला सवय नव्हती. तरी मी चढवून सुरुवात केली. म्हटलं, झालं गेलं; दोघांकडूनही. सुभेदार गप्प. म्हटलं, मी मागच्या खुर्चीवर बसेन. गप्प. खुर्ची नको, कनातीच्या खांबाशी उभा राहीन. गप्प. तोंडाला रुमाल बांधून उभा राहीन. वकीलसाहेब हसले. बाभळीखाली राहीन, तिकडे गोळ्या येतात तरी राहीन.

“फाटकाबाहेर,” सुभेदार म्हणाले. “बाईंना मुख्याध्यापिकाबाईंची सोबत. तुम्ही फाटकाबाहेर, कायमचे. आणि घरी शिकवायचं नाही.”

आता खरी सुरुवात झाली होती. समोरच्याने आपला पहिला आकडा सांगितला होता. पहिला आकडा सांगायचा असतो तो सोडण्यासाठी. बाजारात लहान पोरालाही हे ठाऊक असतं. मी बूड सरकवून नीट बसलो.

“मंजूर,” मागून माझी बायको म्हणाली.

मी वळून पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचं तोंड हललं नव्हतं. मी तिला तेवढं शिकवलं होतं.

आयुष्यात मी हजारो जोड्या दिल्या-घेतल्या, पण सांगितल्या भावाला दुसऱ्या श्वासात हो म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आणि देऊन काय टाकलं? मला. घासाघीस न करता, वर चारा-पाणी न मागता. वकीलसाहेबांनी तिच्या नावावरची रेघ खोडली, म्हणजे रेघेवर आणखी एक रेघ मारली, आणि शेजारी नाव पुन्हा लिहिलं. परत जाताना मी तिला म्हणालो, “दोन दिवस थांबली असती तर त्याले कनातीच्या मागच्या खांबापर्यंत आनला असता मी.”

“दोन दिवस मापाशी नव्हते,” ती म्हणाली.

त्यानंतरचे दोन रविवार मी फाटकाबाहेर काढले. फाटकासमोरून शेगावकडे रस्ता जातो, आणि रविवारी त्यावर बरीच वर्दळ असे. कोणी दर्शनाला निघालेलं, कोणी बाजाराला. मी रिकामा बसणारा माणूस नाही. एक बकऱ्यावाला खदानीच्या कडेने कळप नेत असे, त्याला मी ओरडून सांगे की बाबू, तिकळून नोको जाऊ, सरकारी गोई लागंन. तो म्हणे, सरकारी गोई कोनाले लागली आजवर? यावर आमची दर वेळी जुंपे. एक पेरूवाली टोपली घेऊन बसे, तिच्याशी तर पेरू न घेताही तासभर सौदा चाले. माझा आवाज लहान नाही. आत कनातीत सगळं ऐकू जातं असं बायकोने सांगितलं. डॉक्टर म्हणे विचारत, आज पेरूचं काय ठरलं?

सुभेदारांनी तिला पहिल्यापासून शिकवायला घेतलं होतं. चाप झटकन ओढायचा नाही, म्हणे. दुधावरची साय बोटाने बाजूला सारतो तसा सारायचा, आणि गोळी सुटेल तेव्हा आपल्यालाच कळू नये. हे तिने मला सांगितलं नाही, मी चोरून ऐकलं. ती भिंतीवर कोळशाने ठिपका काढून रिकाम्या हाताने उभी राही आणि स्वतःशी पुटपुटे. मी आत गेलो की थांबे. “तुमी पाहू नोका.” स्वतःच्या घरात मला कुठे पाहायचं आणि कुठे नाही याची झेंडी लागली होती.

निवडीच्या दिवशी तिघींना दहा-दहा गोळ्या होत्या. आम्ही लवकर गेलो. ती मुख्याध्यापिकाबाईंबरोबर आत गेली. मग सुभेदार फाटकापाशी आले, तारेजवळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “आज बाहेरून एक शब्द आत आला, तर मी बाईंना लायनीतून काढीन. समजलं?”

मी उत्तर दिलं नाही. उत्तर म्हणजे शब्द झाला असता.

मोह नको म्हणून मी फाटकासमोरून उठलो आणि दगडी गडग्याच्या आड, लिंबाच्या सावलीत जाऊन बसलो. पेरूवाली शोधत तिथे आली. तिने असा भाव सांगितला की एरवी मी तिला आल्या वाटेने परत लावलं असतं. मी पेरू घेतले. ती घाबरली, मला ताप आहे का असं तिने विचारलं. बकऱ्यावाला आला, मी हातवारे करून त्याला मागे वळवलं. तो म्हणाला, “काऊन बे, वाचा गेली काय?” मी त्याला एक पेरू दिला.

आधी मुख्याध्यापिकाबाईंच्या दहा झाल्या. मग डॉक्टरीणबाईंच्या. मग तिचं नाव पुकारलं. गडग्याआडून मला काही दिसत नव्हतं, फक्त आवाज. एक. दोन. मधे सारखं अंतर, न घाई न ढिलाई. पाच. सहा. मी पेरूचा देठ धरून बसलो होतो. सात. चांगलं चाललं होतं, ते न बघताही कळत होतं, जसं बैल चालताना खुरांच्या आवाजावरून तो लंगडतो की नाही हे कळतं. सातनंतर आवाज आला नाही. बराच वेळ आला नाही. मग आठ, आणि मागोमाग नऊ, आणि मग दहा.

ती फाटकाशी आली तेव्हा हातात निशाणाचा कागद होता. सुभेदारांनी दिला होता, ठेवून घ्या म्हणून. मी कागद उजेडाला धरला. नऊ भोकं काळ्यात, एकमेकांजवळ, अंगठ्याखाली झाकतील इतकी. दहावं कागदाच्या कोपऱ्यात, जिथे कोणी काही मारायला जात नाही.

“हे काय?”

“ते आठवं.”

“चांगल्या सात झाल्यावर?”

ती रुमाल सोडून बांगड्या खाली सरकवत होती. “तुमचा आवाज काऊन नव्हता?”

“काय?”

“सात गोया झाल्या, तुमचा आवाजच नाही. ना बकऱ्यावाल्याशी, ना पेरूवालीशी. मंग मी फाटकाकळे पाह्यलं तर तुमी तिथं नाही. मले वाटलं कोनाशी भांडून रागानं निंगून गेले, का डोकंबिकं फोळून घेतलं. परत नेम धरला, पन मन इकळेच होतं.”

मी तिला सुभेदारांची धमकी सांगितली. तिला ती कोणी सांगितली नव्हती. ती एकदा फाटकाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिली. मुख्याध्यापिकाबाई तीन गुणांनी पुढे होत्या. नागपूरला त्या जाणार. ही राखीव, म्हणजे बाई आजारी पडल्या तर. त्या बाईंनी नोकरीत एक दिवस रजा घेतली नव्हती आणि त्या महिन्यातही घेतली नाही.

बोललो तर नाव कापलं जातं, आणि न बोललो तर गोळी कोपऱ्यात जाते. या क्लबाने माझ्यासाठी असा नियम केला होता की मी कुठल्याही बाजूने उभा राहिलो तरी चूक माझीच निघावी. मी बैल वळवले, तोंड खदानीकडे केलं. आता जाऊन सुभेदारांना सांगणारच होतो. तिने कासरा धरला.

“त्यायले काही सांगू नोका. पुढच्या वर्षी मले इथंच याचं हाये.”

“मंग मी काय करू?”

“मले सांगा ना. घर येईस्तोवर सांगा. सकाळपासून तुमचं बोलनं आयकलं नाही.”

मी बैल घराकडे घेतले आणि सुरुवात केली. पहिल्या अर्जापासून. वकिलाचं पेन, जावयाचा डोळा, सुभेदाराच्या मिशा, रुमालाकडे त्याने कसं पाहिलं, सगळं. कापसाचं जीन मागे पडलं, तेलाची गिरणी मागे पडली, मी बोलतच होतो. ती मांडीवर कागद पसरून बसली होती आणि कोपऱ्यातल्या भोकात बोट घालून पाहत होती. मधेमधे “हाव” म्हणत होती.